खिडकीतला पेला

पारससर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेल्ह्याच्या बाजारात वडिलांबरोबर खाटकाला मेंढे विकत होतो. दाव्याला मेंढा आणि कानाला ती बातमी... सरांच्या गावी, जुन्नरला पोहोचेपर्यंत मला स्वतःच्या हातांची लाज वाटत होती.

सर जैन, घरचं किराणा दुकान. पण ते गादीवर न बसता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. मी राजुरीचा, मेंढपाळाच्या घरातला, त्यांचा विद्यार्थी. आम्ही झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवायचो, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. नुसते बनवले की त्यांचे वेडेवाकडे गोळे होत. द्रावणात योग्य ती भर घातली, तर ती कणाच्या काही बाजूंना चिकटून तिथली वाढ अडवते आणि कण उरलेल्या दिशेनं वाढतो. सरांनी डिंक घातला, साबुदाण्याची पेज घातली. गोळेच! शेवटी मीच म्हणालो, "सर, जिलेटिन घालू या." ते जनावरांच्या हाडा-कातड्यांचं. सरांनी जिलेटिनची बाटली मागवली, पण बरेच दिवस ती कपाटातच ठेवली. मग एकदा स्वतःच बाटली उघडली.

पुण्याहून सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो आला. पेन्सिलीसारख्या सहा बाजूंच्या, सरळसोट कांड्या. मी नाचायचाच बाकी होतो, सरांना मात्र मान वर करवेना.

"सर, भट्टीत जिलेटिन जळून जातं. कणात काही उरत नाही."

"आकार उरतो ना रे," ते म्हणाले. मी चक्क हसलो.

त्यानंतर घरी त्यांनी आपला पाण्याचा पेला वेगळा केला, खिडकीत ठेवला. हाताला लॅबमधली रसायनं असतात, असं काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगून टाकलं. खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं: जिलेटिन हाताळलेला हात घरच्या भांड्यांना लागायला नको.

परवा काकूंना भेटायला गेलो. बैठकीत कांड्यांचा तो फोटो फ्रेम करून लावलेला. "तुझ्या सरांची कमाई," त्या कौतुकानं म्हणाल्या. मी शरमेनं नजर वळवली, तर समोर खिडकीतला पेला. रसायनांचं तेच खोटं मी पुन्हा सांगायला लागलो...

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "खोटं बोलताना यांचे कान लाल व्हायचे. मग मी दुसऱ्या मास्तरांना विचारलं. बाटलीत काय व्हतं ते मला म्हाईत हाय."

"मग तुम्ही..."

"हे कॉलेजला गेले का मी रोज ह्याच पेल्यानं पाणी प्यायचे. त्यांना एकट्यालाच कशाला बाहेर ठेवायचं?"

त्यांनी पेला काढला, उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि माझ्यापुढे धरला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. पेला रिकामा होईपर्यंत मी तो खाली ठेवला नाही.