दोन ओळींची जागा

आमच्या विद्यापीठाच्या शिस्त कक्षातल्या छापील फॉर्मवर 'विद्यार्थ्याचे म्हणणे' यासाठी दोनच ओळी आहेत. एम.ए. करून इंटर्नशिपला आलेल्या मीनलने काल ते म्हणणं मागच्या पानावर नेलं. वसतिगृहात मांजर पाळल्याबद्दल एका मुलीची खोली जाणार होती.

"अगं, मांजराचं नावही लिहिलंस?"

"सर, तिनं सांगितलं ना!"

मला हसू आलं. माणसाचं म्हणणं दोन ओळींत मावतं, हे कुणी ठरवलं असेल? गेल्या वर्षी गेलेली माझी पत्नी म्हणायची, "अहो, आधी पूर्ण ऐका तरी."

मी दोन्ही पानं वाचली. ताकीद देऊन खोली राहू दिली.

मांजर माझ्या घरी आलंय. सारखं बोलतं. मी पूर्ण ऐकतो.