तोफखान्याचा कॉम्प्युटर

माघारी सगळी गल्ली त्यांना तोफखाना म्हणायची आणि तोंडावर काका. काकांचा धंदा घरांचे नकाशे काढायचा. जन्मभर त्यांनी लोकांच्या भिंती, खिडक्या आणि जिने कागदावर उभे केले, आणि जन्मभर लोकांनी ते हलवायला सांगितले. स्वयंपाकघर मोठं करा, पण हॉल लहान नको. खिडकी पाहिजे, पण ऊन नको. अशा माणसांशी रोज गाठ पडली तर भल्याभल्यांचं डोकं फिरेल, आणि काकांचं तर मुळात जागेवर नव्हतंच.

या रागाचा सगळ्यात मोठा वाटेकरी होता बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरचा कॉम्प्युटर. मूळचा पांढरा, आता चहाच्या डागाच्या रंगाचा. पंखा असा घरघरायचा की आलेल्या माणसाला वाटावं, आत कोणीतरी आजारी आहे. नकाशांचा जुना प्रोग्राम फक्त याच मशीनवर चालायचा, म्हणून ते फेकताही येत नव्हतं. आणि ऐन कामात पडदा काळा व्हायचा. भिंत अर्धी, दार अधांतरी, सगळं गुडुप. मग काका सुरू व्हायचे.

"घरजावई आहे मेला. बसून खातो आणि कामाला बोलावलं की झोपतो."

मशीनसमोर बसायची त्यांची मुलगी. काकांना आताशा बारीक रेघा दिसत नसत, म्हणून तिने रेघा ओढायच्या आणि त्यांनी मागे उभं राहून सांगायचं, अशी वाटणी होती. तिचं काम त्यांच्यापेक्षा स्वच्छ होतं. हे त्यांनी चार लोकांत सांगितलं होतं, तिला मात्र कधीच नाही. आता तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या ऑफिसात नोकरी मिळाली होती आणि येणार की नाही, ते आज कळवायचं होतं. का जायचंय, असं काकांनी विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली होती, "या मशीनवर काम होत नाही, बाबा."

काकांनी ते शब्दशः धरलं. मशीनपायी पोरगी घर सोडून जाणार? तिच्याशिवाय ती खोली त्यांना खायला उठली असती. हे ते कोणाजवळ बोलले नाहीत, रागाच्या भरातसुद्धा नाही. आज सकाळी उठून त्यांनी दुरुस्तीवालीला फोन लावला.

दुरुस्तीवाली बाई शांत होती. तिने मशीन उघडून धूळ काढली, आतली मेमरीची पट्टी पुसून परत बसवली, पंख्याला तेल दिलं आणि मुलीला म्हणाली, "तुम्ही नेहमीसारखं काम करा. बंद कधी पडतं ते मी बघते."

मुलगी काम करत राहिली. मशीन बंद पडेना. परकी बाई घरात म्हणून काकाही कधी नव्हे ते हळू बोलत होते, आणि आतून धुमसत होते. रोज छळणारं हे डबडं आज पाहुण्यांसमोर गुणी बाळ झालं होतं. बाईने दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं, तेव्हा काकांना आपणच खोटे पडल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. जिना डावीकडे घ्या. मागच्या आठवड्यात त्यानेच तो उजवीकडे घ्यायला लावला होता.

"अहो, जिना आहे तो, फुलदाणी नाही," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढायला लागला.

काकू आतून आल्या, टेबलावरचा चहाचा कप उचलून निघून गेल्या. मुलीने दोन बटणं दाबली आणि हात मांडीवर घेतले. काकांनी फोन बंद केला, ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि टेबलावर दाणकन हात आपटला.

पडदा काळा.

"बघितलंत? बघितलंत ना? हे असं करतं!" काका जवळजवळ आनंदाने ओरडले.

बाई मशीनकडे नाही, टेबलाकडे बघत होती. तिने ते परत चालू केलं. "काका, पुन्हा आपटा बरं."

काकांनी आपटला. काही झालं नाही.

"असं नाही. मघासारखं."

मघासारखं काही जमेना. मग त्यांनी जिना आठवला, आणि जमलं. पडदा पुन्हा काळा. बाईने आतली एक सैल झालेली वायर दाखवली, ती बदलली, मशीन टेबलावरून खाली ठेवलं आणि मुलीला विचारलं, "दोनदा बंद पडलं. काम गेलं असेल ना तुमचं?"

"नाही, सेव्ह केलं होतं. बाबांचा आवाज चढला की मी आधी सेव्ह करते."

बाईने आपलं सामान गोळा केलं, पैसे घेतले आणि ती गेली.

काकांचा पारा चढला. "म्हणजे तुला माहीत होतं? तुझ्या आईलाही? मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"मशीन बंद पडलं की तुम्ही त्याच्यावर चिडायचात," मुलगी म्हणाली. "तेवढा वेळ आमच्यावर नाही."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणतील, काहीतरीच काय बोलतेस, अशी काकांनी वाट पाहिली.

"बरं, झालं ना आता ते दुरुस्त?" काकांचा आवाज त्यांच्याही नकळत खाली आला. "आता थांबशील?"

"आता ते बंद पडणार नाही, बाबा. मग राग कोणावर काढाल?"

तिने खुर्ची पुढे ओढली आणि नव्या ऑफिसला पत्र लिहायला घेतलं. काका नेहमीच्या जागी, तिच्या मागे उभे होते. अक्षरं बारीक होती, तरी 'येत आहे' एवढं त्यांना वाचता आलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना मनापासून वाटलं, हे डबडं आत्ता बंद पडावं. त्यांनी सगळा जोर लावून टेबलावर हात आपटला.

मुलीचे खांदे तेवढे दचकले. पडदा काळा झाला नाही. तिने खाली आपलं नाव लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं.