प्रायश्चित्ताचा भोपळा

ठाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा एक किरिस्ताव भाजीवाली रोज दारात येई. टोपली उतरवली की आधी कपाळाला, मग छातीला बोटं लावी आणि मगच माझ्याशी भांडायला सज्ज होई. तिचं नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही.

पटकीच्या साथीत मी अंथरूण धरलं. शेजारीपाजारी गावोगाव पळाले. ही एकटी आत आली. आठ दिवस तिनं माझी घाण काढली, आपल्या हातची पेज पाजली. मी मुकाट प्यालो. सोवळं तेव्हा आठवलं नाही.

बरा झालो, तसे शेजारी परतले आणि माझा धर्म बुडाल्याचं त्यांनी मला कळवलं. प्रायश्चित्त ठरलं: पंचगव्य आणि ब्राह्मणभोजन. आता माझी अक्कल पाहा, भोजनासाठी भोपळा मी तिच्याकडेच मागितला!

"कसला जेवन रे, बामना?"

"तुझी पेज प्यालो ना, त्याचं."

ती थोडा वेळ भाजीवर पाणी शिंपडत राहिली. मग सगळ्यांत मोठा भोपळा उचलून तिनं उंबऱ्याबाहेरच ठेवला.

"घे. पैसं नको. पेजेचं तरी कुठं घेतलं? येशू देतो, मी नुसती पोचवते."

पंगतीत भोपळ्याच्या भाजीची फार वाहवा झाली. मीही दोनदा वाढून घेतली आणि शुद्ध झालो.