परवाला इंग्रजी शब्द

इंग्रजी भाषेवर घरच्या माणसासारखा रुसून बसलेला माणूस उभ्या औसा गावात एकच होता, तो म्हणजे बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणारे आमचे चाचा. दहावीला इंग्रजीनेच त्यांना नापास केलं होतं, पण राग त्याचा नव्हता. दुरुस्तीच्या घड्याळाला ते नखाएवढी चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर 'परवा' असं लिहीत. बाहेरच्या राज्यातून बदलून आलेल्या एका साहेबांसाठी त्यांना इंग्रजीत लिहावं लागलं, तेव्हा 'डे आफ्टर' एवढ्यातच चिठ्ठी संपली, 'टुमॉरो'ला जागाच उरली नाही. साहेब पंधरा दिवस फिरकले नाहीत. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून जाब मला. "मॅडम, एवढी मोठी जबान, अन् परवाला एक लफ्ज न्हाई? तीन-तीन लागतात?" मी म्हणाले, "चाचा, आपला परवा तरी कुठं धड आहे? गेलेला की येणारा, तेच कळत नाही." "बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं, कळतंय," चाचा म्हणाले.

मग त्यांनी भंगारवाल्याकडून पुठ्ठा निघालेली एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आणली. गिऱ्हाईक नसलं की डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून ते एकेक पान वाचत. 'ए'पासून 'ओ'पर्यंत यायला दीड वर्ष लागलं. एका दुपारी चाचा भिंग कपाळावर तसंच ठेवून आमच्या स्टाफरूमच्या दारात धापा टाकत उभे. "मॅडम, घावला! ओव्हरमॉरो!" मी पान पाहिलं. खरंच होता. अर्थ, परवाचा दिवस, तोही येणारा. चार-पाचशे वर्षांपूर्वी बायबलच्या एका भाषांतरात तो आला होता, पुढे वापरातून गेला. चाचांचा चेहरा उतरला. "असा चांगला लफ्ज, अन् कुणी जपला न्हाई?" मग तो जपायचं काम त्यांनीच घेतलं. प्रत्येक चिठ्ठीवर ओव्हरमॉरो. लोकांना ती घड्याळाची कंपनी वाटायची. एका गिऱ्हाइकाने तर मागितलंच, "चाचा, मला बी ओव्हरमॉरोचं द्या एक."

एवढ्यावर थांबतील तर ते चाचा कसले! साठाव्या वर्षी त्यांनी इंग्रजीच्या एका पेपरासाठी बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. रोज संध्याकाळी मी त्यांना शिकवत होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं, "चाचा, तो शब्द पेपरात लिहू नका. तपासणाऱ्याला माहीत नसेल. मार्क जातील, या वेळीही राहाल." "बरं," म्हणाले. लातूरहून पेपर देऊन एसटीतून उतरले, ते माझी नजर चुकवतच. "लिहिला, मॅडम. मित्राच्या पत्रात. राहवलंच न्हाई."

निकालापर्यंत मलाच झोप नव्हती. आणि चाचा पास झाले. जेमतेम, पण पास. पेढे घेऊन घरी आले. मी म्हटलं, "त्या शब्दाचे मार्क कापले असतील हो."

"कापू द्या की. पण कापायला वाचला तर असंल? मघापर्यंत त्या लफ्जाला आपण दोघं होतो मॅडम, आता तिघं झालो."

मी हसून पेढा घेतला. दोघांत त्यांनी मला धरलं होतं. खरं तर तोवर तो शब्द मी वर्गात, घरात, कुणासमोर एकदाही उच्चारला नव्हता.