परवानगीची शाल

पन्नाशी उलटल्यावर मी लिहू लागले. एम. ए. झालेली, शाळेत वर्षानुवर्षे मराठी शिकवलेली बाई; तरीही स्वतःचे लिहिलेले चारचौघांत वाचायचे म्हटले की काहीतरी निमित्त काढून टाळत असे. आमच्या तालुक्याच्या गावच्या, मालेगावच्या, एका छोट्या वाचनालयाने लेख वाचायला बोलावले, तेव्हा होकार कळवायलाच मला बरेच दिवस लागले.

लेख लग्नाविषयी होता. माणसे एका घरात राहतात, एकमेकांच्या औषधांच्या वेळा सांभाळतात आणि तरीही एकमेकांना कधी काही विचारत नाहीत, असे काहीसे त्यात होते. आमच्या गावी, मेडशीला, आमचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. कार्यक्रमाच्या दुपारी ते बंद ठेवून पती मला मोटारसायकलवर घेऊन आले, याचे मला मनापासून बरे वाटले होते.

निवेदक उभे राहिले. "घरचं सारं सांभाळून या लिहितात," ते म्हणाले, "पण खरं मोठेपण त्यांच्या यजमानांचं. त्यांनी यांना लिहू दिलं!"

टाळ्या पडल्या. यजमानांना मंचावर बोलावून शाल-श्रीफळ देण्यात आले.

लिहू दिलं! अंगात ताप असताना मी स्वयंपाक केला, तेव्हा कुणाची परवानगी लागली नव्हती. मग चार पाने लिहिणे तेवढे कुणाच्या औदार्याचे फळ कसे झाले? प्रेम आपण इतके स्वस्त करून ठेवले आहे, की नुसते अडवले नाही म्हणून त्याचा सत्कार होतो.

पती गोंधळले होते. हाती माइक आला तसे म्हणाले, "मले कायले शाल देऊन राह्यले भाऊ? मी तं हिचं एक अक्षरबी वाचलं नाही."

सभागृह खळखळून हसले. त्यांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता, वस्तुस्थिती होती. आणि तिच्यात कुणालाच काही खटकू नये, याचा मला निवेदकाच्या वाक्याहून अधिक राग आला.

सत्कारातच वेळ सरला. निवेदक माझ्याकडे झुकून म्हणाले, "ताई, अध्यक्षांना बस गाठायची आहे. दोनच ओळी वाचा."

अशा वेळी मी जन्मभर मान डोलावत आले. आत्मविश्वास बाळगा, असे मी वर्गात मुलींना सांगत असे. तो आणायचा कुठून, हे मात्र मला कधीच कळले नव्हते. त्या दिवशीही तो आला नाही. संताप आला, आणि त्याच्यावर भागले.

"पूर्ण वाचीन," मी म्हणाले.

आवाज कापत होता. अध्यक्ष मध्येच उठून गेले. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

परतीच्या वाटेवर मालेगाव मागे पडले. मग पती मागे न पाहता म्हणाले, "त्या लेखातला मानूस मीच काय?"

"तुमीच."

"मंग मले घरी काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं काय कदी?"

त्यांनी गाडी हळू केली. "पुढच्या बारीले येऊ का नको?"

"या," मी म्हणाले. राग उतरलेला नव्हता. "पन खाली, लोकाईत बसा. अन् आयका."