खडा सापडला की वाचणारा बदलायचा

मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत नवशीमावशी कामाठी आहे. भांडी घासायची, पाणी भरायचं, तांदूळ निवडायचे, आणि ज्या कामाला दुसरं कोणी नाही ते सगळं करायचं. चौदा वर्षं झाली, अजून रोजंदारीवरच आहे. शिक्षण सातवी, तेही ह्याच शाळेत. शाळेचं पुस्तकांचं कपाट धान्याच्या कोठीत ठेवलेलं आहे, कारण वर्गात ठेवलं तर मुलं पुस्तकं हाताळतात, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. कोठीची किल्ली मावशीच्या कमरेला असते. त्यामुळे ग्रंथपाल कोण, हा प्रश्न आपोआप सुटला.

चार वाजता शाळा सुटली की ती कोठीच्या दारात दोन पराती घेऊन बसते. ज्याला गोष्ट ऐकायची असेल त्याने परातीला हात लावायचा. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी तांदूळ निवडायचे. कोणाला खडा सापडला की त्याने ओरडायचं, "खडा!" मग वाचणाऱ्याने तिथेच थांबायचं, अगदी शब्दाच्या मधे असला तरी. पुस्तक शेजाऱ्याकडे द्यायचं आणि परातीला बसायचं. हा नियम मावशीचा. एकच हुशार मुलगी सगळं वाचून टाकते आणि बाकीचे माना डोलावतात, हे तिला आवडत नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती एक टॅबलेट आणि पुस्तकांचं एक खोकं घेऊन. मुंबईतली एक संस्था मुलांच्या पुस्तकांना पुरस्कार देते. नामांकन मिळालेली दहा पुस्तकं, पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी शिफारस केलेली, आमच्या भागातल्या शाळांना वाटायची होती. मुलांनी ती वाचून मत द्यायचं, आणि त्या मतांवर पुरस्कार ठरणार. मतदानाचं अ‍ॅप सांभाळायला मी होते. खोक्यात वर एक सूचना होती: छायाचित्रे काढून होईपर्यंत पुस्तकांवरचे प्लॅस्टिक काढू नये.

मावशीने ती सूचना दोनदा वाचली. "म्हणजे बाहेरूनच वाचायची?" तिने विचारलं, आणि पहिल्या पुस्तकाचं प्लॅस्टिक दातांनी फाडलं.

पुढच्या दोन महिन्यांत मला एक गोष्ट कळली. रटाळ पुस्तक असलं की तांदूळ स्वच्छ निघतात. वाचणाऱ्याची सुटका करायला दर अर्ध्या पानाला कोणीतरी "खडा!" म्हणून ओरडतं, खडा असो वा नसो. पुस्तक चांगलं असलं की परातीकडे कोणी बघतच नाही. 'सव्वासातची लिफ्ट' ह्या पुस्तकाच्या वेळी असंच झालं. बारा मजल्यांच्या इमारतीतली लिफ्ट रोज सव्वासातला चौदाव्या मजल्यावर थांबते, अशी ती गोष्ट. त्या मुलांपैकी एकानेही लिफ्ट पाहिलेली नव्हती.

"मावशी, लिफ्ट म्हंजे जत्रेतला पाळणा का?" दिपेशने विचारलं.

"नाय रे. लोखंडाचं कपाट. त्यात माणसं उभी राहतात आन कपाट वर जातं."

"आन कपाटाला कडी बाहेरून असली तर?"

"गप बस, वाचू दे तिला."

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक गाल धरून जेवणावरून उठून आले. "नवशी, तांदूळ निवडले होतेस का रेती चाळली होतीस?"

"सर," मावशी म्हणाली, "आज चौदावा मजला आला होता."

मग 'तनिष्का आणि ठिणगी' निघालं. जाड, चकचकीत पुस्तक. शहरातली तनिष्का सुट्टीत एका पाड्यावर येते. पाड्यावरची एक बाई डोंगराला आग लावत असते. चित्रात ती बाई फाटक्या लुगड्यात, केस पिंजारलेले, हातात पेटता पलिता. तनिष्का तिला झाडांचं महत्त्व समजावते. बाई रडते आणि तिच्या पाया पडते. दहा वर्षांच्या मुलीच्या पाया.

ते पान माघीच्या वाट्याला आलं. माघी वावर गावाकडची, सातवीतली. ती वाचता वाचता थांबली. "मावशी, ही राब भाजते का डोंगर जाळते?"

राब म्हणजे रोपं टाकायचा जमिनीचा लहान तुकडा. उन्हाळ्यात त्यावर शेण, पाला, फांद्या पसरून भाजतात. त्याने तण मरतं आणि भाताची, नागलीची रोपं जोमाने येतात. माघीच्या आईचा राब दोन खाटांएवढा असेल. आजूबाजूला आग जाऊ नये म्हणून ती वारा पडायची वाट बघत पहाटेपासून बसते. साखरशेतला माझी आजीही तशीच बसायची.

"माझी आय असली नाय," माघी म्हणाली.

"खडा," सोम्या हळूच म्हणाला. कोणाच्याही हातात खडा नव्हता. मावशीने पुस्तक घेतलं, मिटलं, आणि कोठीबाहेर जाऊन थुंकली.

मुलांनी मतं दिली. अठ्ठावीसपैकी पंचवीस लिफ्टला. ठिणगीला एकही नाही.

डिसेंबरात संस्थेचे समन्वयक हेमंत सर आले. त्यांनी आधी मुलांना पाना-फुलांचे मुकुट घालायला लावले आणि तासभर उन्हात फोटो काढले. मग केळ्याचे वेफर्स खात, त्याच तेलकट बोटांनी टॅबलेट चाळला आणि हसले. "हे कसं चालेल? ठिणगीच्या लेखिका स्वतः जव्हारला येतायत. समारंभाची पत्रिका छापून झाली. आदिवासी बालकांची पहिली पसंती, असं छापलंय त्यात."

"पण सर, मतं तर..."

"तू आतून बदल ना. ती पंचवीस ठिणगीला टाक."

एकदा दिलेलं मत बदलता येत नाही, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. त्यांनी माझ्यासमोर बसून, बोटं पॅन्टला पुसून, एका कोऱ्या कागदावर नवा निकाल लिहिला. मग खिशातून दुसरा कागद काढला. तो माघीने सभागृहात वाचायचा होता.

"आम्ही अज्ञानी होतो. माझी आई डोंगर जाळायची. ह्या पुस्तकाने आमचे डोळे उघडले."

मला शिसारी आली. त्या अक्षरातलं प्रत्येक वळण नीटनेटकं होतं.

"सर, पोरीची आय डोंगर नाय जाळत," मावशी म्हणाली. "ती राब भाजते."

"मावशी, तेच ते. भावना समजून घ्या."

"मग ती नाय वाचणार."

हेमंत सर अजूनही हसत होते. "तुम्ही रोजंदारीवर आहात ना? मार्चमध्ये यादी नवी होते म्हणतात. बघा."

त्या दिवसापासून चार दिवस परातीभोवती कोणी वाचलं नाही. माघी तो कागद घेऊन पाण्याच्या टाकीमागे पाठ करत बसायची. मावशीला कामावरून काढू नये म्हणून ती वाचायला तयार झाली होती. मावशीने तिला एकदाच विचारलं, "वाचशील?" माघी म्हणाली, "तुझ्यासाठी वाचीन." मावशीने परात जोरात आपटली.

जव्हारच्या सभागृहात अठ्ठावीस मुलं मुकुट घालून पुढच्या रांगांत बसली. मावशी मुलींना सांभाळायला आली होती. हेमंत सरांनी माईकवर माघीच्या गावाचं नाव घेतलं, जुन्या कुपोषणाची आठवण काढली, आणि पाहुण्यांचे चेहरे ठरल्यासारखे गंभीर झाले. मग माघी मंचावर जाऊन उभी राहिली.

"आम्ही अज्ञानी होतो," तिने वाचलं. आवाज नेहमीचा नव्हता. "माझी आई..."

"खडा!"

हे मावशी ओरडली. मागच्या भिंतीपाशी, उभी राहून.

मग सोम्या ओरडला, मग दिपेश, मग रांगांतली सगळी मुलं, "खडा! खडा!" माघीने डोळे पुसले, कागदाची घडी घातली आणि शेजारी उभ्या असलेल्या हेमंत सरांच्या हातात ठेवली. नियमच तो. आता शेजाऱ्याने वाचायचं. ती खाली उतरली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लेखिकाबाईंचे डोळे भरून आले. "किती उत्स्फूर्त!" त्या म्हणाल्या. "काय म्हणतायत मुलं?"

"ही त्यांची आनंदाची आरोळी असते, मॅडम," हेमंत सरांनी सांगितलं. लेखिकाबाईंनी मूठ उंच करून स्वतः दोनदा "खडा! खडा!" म्हटलं. पुन्हा टाळ्या. मग पुरस्कार दिला गेला, ठिणगीलाच, आणि सगळ्या गाड्या फोटो काढायला जवळच्या शिरपामाळकडे निघून गेल्या. सभागृहाच्या पायऱ्यांवर पानांचे मुकुट तुडवलेले पडले होते.

मार्चच्या यादीत मावशीचं नाव राहिलं. तिच्याएवढं काम तेवढ्या पैशांत करणारं दुसरं कोणी मिळालं नाही. कपाटाला मात्र आता वेगळं कुलूप आहे, आणि त्याची चावी मुख्याध्यापकांच्या टेबलात असते. कपाटात नऊ पुस्तकं आहेत, नव्या प्लॅस्टिकमध्ये.

दहावं, लिफ्टचं, तांदळाच्या पिंपात असतं. परवा मी गेले तेव्हा माघी तेच वाचत होती आणि परातीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी शेजारी बसले, तांदळात हात घातला. पहिल्याच मुठीत खडा लागला. मावशीने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मी तो गुपचूप परत परातीत टाकला.