शेवटच्या बाकावरचे मुख्याध्यापक

"मुख्याध्यापक शाळेच्या वेळेत जागेवर आढळत नाहीत." तक्रारअर्जातलं हे वाक्य माझं. खाली सहा शिक्षकांच्या सह्या, पहिली माझी. वाक्य खोटं होतं, हे ऐंशी ओलांडल्यावर लिहितोय. लाज वाटते. पण रागही येतो, आणि तो फक्त स्वतःचा नाही.

नागपुरात कोष्ट्यांच्या वस्तीतली आमची शाळा. सत्तरच्या दशकात तिथले मुख्याध्यापक त्याच वस्तीतले, विणकराच्या घरचे. आल्या आल्या त्यांनी पत्रव्यवहार, दाखले, सामानाची रजिस्टरं बाबूंवर सोपवली. सह्या शाळा सुटल्यावर. दिवसभर ते कुठल्या ना कुठल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत. शिक्षकाला मध्ये टोकत नसत. सुट्टीत बाजूला घेत.

मला म्हणाले, "मास्तर, तुमी फळ्याले शिकवून राहिले. पोरं तर मांगं बसून होते."

दुसऱ्या दिवशी माझा अपूर्णांकांचा तास त्यांनी घेतला आणि मला मागे बसवलं. मागच्या दोन ओळी वहीत नुसत्या रेघा ओढतात, हे मला तेव्हा दिसलं. त्या वर्षी मी शिकवायला शिकलो. बी.एड.ला शिकलो नव्हतो.

एकदा संस्थेचे सचिव आले. घरच्या लग्नासाठी त्यांना शाळेचा हॉल हवा होता. शिपाई म्हणाला, "साहेब सातवीत बसून राहिले. तास झाला का येतीन."

"सातवीत? काहून गा, नापास झाले का?"

आम्ही शिक्षकही हसलो. पण अर्धा तास व्हरांड्यात उभं राहावं लागलं, तेव्हा सचिवांचं हसू गेलं.

आठवड्याने त्यांनी मला घरी बोलावलं. "तुमची भाषा चांगली आहे. अर्ज तुम्हीच लिहा. ती खुर्ची रिकामी होणारच आहे."

मी लिहिला. बाकीच्यांना म्हणालो, "हा माणूस आपल्यावर पहारा देऊन राहिला." त्यांनी सह्या केल्या.

चौकशीला तीन शहाणे आले. कार्यालयात किती वेळ बसता, एवढंच विचारत राहिले. वर्गात बसून काय करता, हे एकानेही विचारलं नाही. एकही वर्गात डोकावला नाही. शाळा तपासायला आले आणि खुर्ची तपासून गेले.

सरांना पुन्हा साधं शिक्षक केलं, मला मुख्याध्यापक. अकरा वर्षं मी खुर्ची सोडली नाही. गळकी टाकी, चुना, बाकांची मोजणी, सचिवांच्या पाहुण्यांचा चहा. एका तासालाही मी मागे जाऊन बसलो नाही.

एक नवीन बाई रडत आल्या. वर्ग आवरत नव्हता. "सरांना माझ्या तासाला बसू द्या ना. ते सांगतील काय चुकतंय."

मी नकार दिला, तोही लेखी: दुसऱ्याच्या वर्गात बसण्याचा सहशिक्षकाला अधिकार नाही. बाई दिवाळीला गेल्या त्या आल्याच नाहीत. राजीनामा पोस्टाने आला.

हे कळल्यावर सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हणायचं मला सुचलं नाही.

"एक तास बसू द्याचं होतं, मास्तर. पोरगी शिकली असती."

मी म्हटलं, "मला संस्थेच्या ऑफिसात जायचंय, उद्या बोलू."

ते तासावर निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी बाक मोजत होतो.